चौदा आकड्यांची मुलगी

१

सावेडीतल्या त्या कचेरीत प्रशांतच्या दिवसाची सुरुवात ठरलेली असे. साडेदहाला येऊन तो आतल्या खोलीत जाई, चोवीस तास चालू असणाऱ्या मुख्य संगणकावरचा आदल्या दिवसाचा रोजनामा छापून घेई आणि चहा येईपर्यंत वाचून काढी. बाहेरच्या खोलीतल्या कोणत्या टर्मिनलवरून, म्हणजे मुख्य संगणकाला तारेने जोडलेल्या पडदा-कळफलकावरून, किती नोंदी झाल्या, कुणी कोणता क्रमांक शोधला, तो सापडला की नाही, एवढेच त्यात असे. वाचण्यासारखे काही नव्हते. पण आपण लिहिलेली व्यवस्था आपल्या माघारी नीट वागली, हे रोज पाहण्यात त्याला समाधान वाटे.

कचेरी एका खासगी संस्थेची होती. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या लहान मुलांच्या लसींची नोंद ठेवणे हे तिचे काम. दिवाळी आटोपली की पाथर्डीकडची कुटुंबे बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या दिशेने निघत. मुलाला पहिला डोस गावात मिळे, दुसरा राहुरीकडच्या एखाद्या फडात, आणि तिसरा मिळाला की नाही हे कुणालाच सांगता येत नसे. कार्डे भिजत, हरवत. नावावरून शोधावे, तर एकाच वस्तीत पाळण्यातल्या चार दगडाबाई आणि तीन कडूबाई निघत, आणि त्यांपैकी दोघींच्या बापांचे नाव बन्सी असे.

मूल जगत नाही अशा घरात पुढच्या मुलाला निर्जीव, कडवट किंवा टाकाऊ वस्तूचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. नकोशा वस्तूकडे कुणाची नजर जात नाही, असा तिचा अर्थ सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अशी नावे मोजकीच असतात आणि एकाच वस्तीत ती पुन्हा पुन्हा येतात. ती वेगळी ओळखू येऊ नयेत असा काही हेतू त्यामागे असावा, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. प्रशांतचे तर या प्रश्नाकडे लक्ष असण्याचे कारणच नव्हते. त्याच्या दृष्टीने ती दुरुस्त करायची अडचण होती.

त्याने ती दुरुस्त केली. १९९६च्या एप्रिलमध्ये, पर्ल नावाच्या संगणकी भाषेत, अवघ्या तीन ओळींत. या भाषेत काम मोठे सोयीचे होते. दुसऱ्या एखाद्या भाषेत ज्याला पानभर लिहावे लागले असते ते येथे बोलल्यासारखे लिहून होई. संगणक १९७० सालापासूनचे सेकंद मोजत असतो. ते नऊ आकडे घ्यायचे. त्यांना त्या क्षणी चालू असलेल्या कामाचा तीन आकडी क्रमांक जोडायचा. शेवटी दोन आकड्यांची मोजणी. चौदा आकडे. हा क्रमांक पूर्वी कुणाला दिला आहे का, हे तपासणारी एक ओळ त्याने वर आणखी घातली. एकदा गेलेला सेकंद परत येत नाही, म्हणून एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला मिळणार नव्हता.

पंधरा एप्रिलला साडेअकराच्या सुमारास त्याने चाचणीसाठी पाच नोंदी केल्या. चार खोट्या होत्या. पहिलीसाठी खरी जन्मतारीख हवी होती, आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच जन्मतारीख होती. तीन महिन्यांपूर्वीची, त्याच्या मुलीची. नावाचा रकाना त्याने रिकामा सोडला, कारण मुलीचे नाव अजून ठेवलेले नव्हते. संगणकाने तक्रार केली नाही. तसे त्यानेच लिहिले होते: क्रमांक असला की नावावाचून अडत नाही.

८२९५४८२१७३४६०१.

कार्ड छापून निघाले तेव्हा त्याला बरे वाटले, आणि ते त्याने घरी नेले.

२

नाव न ठेवण्याला तसे कारण नव्हते, निदान बोलून दाखवण्याजोगे. प्रशांत आणि वृषाली यांना यापूर्वी दोन मुले झाली होती. चेतन पाच महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर दोन वर्षांनी रश्मी झाली, ती सात आठवड्यांची. दोघांचीही बारशी वेळेवर आणि थाटात झाली होती. डॉक्टरांनी दोन वेगवेगळी कारणे सांगितली होती, दोन्ही पटण्याजोगी होती, आणि प्रशांतला ती अजून शब्दशः पाठ होती.

प्रशांतचे वडील रंभाजी राहुरीला असत. छप्पन्न साली, धर्मांतराच्या वेळी, ते नऊ वर्षांचे होते. आपल्या बापाने देव्हारा उचलून ओढ्याला नेला तो दिवस त्यांना लख्ख आठवे, आणि असल्या चालींची थोडी जरी कुरकुर ऐकू आली तरी ते तो सांगत. आई भागिरथी मात्र या नातीच्या वेळी एकदाच हळू आवाजात म्हणाली होती की, घाई कशाला, ठेवू की सवडीने. रंभाजींनी तिच्याकडे नुसते पाहिले होते. प्रशांतने तो विषय तिथेच सोडला. वृषालीला कामावर रुजू व्हायचे होते, उन्हाळा कडक होता, राहुरीची माणसे आली की करू, असे म्हणता म्हणता मुलीला चौथा महिना लागला.

वृषालीच्या मनात एक नाव होते. ती शाळेत शिकवत असे आणि शेकडो मुलांची नावे तिच्या तोंडी होती; त्या सगळ्यांतून एकही नसलेले नाव तिने निवडले होते. ते तिने कुणालाही सांगितले नव्हते, प्रशांतलाही नाही. ते कागदावरच लिहायचे, असे ती म्हणे.

कार्ड पाहून ती हसली होती. "जगात एकच आहे म्हणता हा नंबर?"

"एकच. पुढेही कुणाला मिळणार नाही."

तिने ते पाळण्याच्या दोरीला अडकवून ठेवले.

३

सहा मेच्या रोजनाम्यात एक जादा ओळ होती. दुपारी एक वाजून दहा मिनिटे, टर्मिनल दोन, शोध: ८. सापडला नाही.

प्रशांतने ती पाहिली आणि पुढे वाचत गेला. कुणाचा तरी हात लागला असेल. नंतर त्याच्या लक्षात आले की टर्मिनल दोनवर कुणी बसत नव्हते. नोंदी करणाऱ्या दोघींपैकी एकीचे लग्न ठरून ती मार्चअखेर गेली होती. उरलेली राजेश्वरी पहिल्या टर्मिनलवर बसे आणि एक ते दोन जेवायला घरी जाई. त्या तासात बाहेरच्या खोलीला कुलूप असे आणि किल्ली प्रशांतच्या खिशात.

दुसऱ्या दिवशीची ओळ: एक दहा, टर्मिनल दोन, शोध: ८२. सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी: ८२९.

त्याने शांतपणे विचार केला. आठ या आकड्याने संस्थेतला प्रत्येक क्रमांक सुरू होत होता, त्यात विशेष काही नव्हते. ब्याऐंशीने मात्र फक्त चाचणीच्या नोंदी सुरू होत. खरे काम बावीस एप्रिलला सुरू झाले तोवर सेकंद त्र्याऐंशीच्या घरात गेले होते. म्हणजे त्याच्याच प्रोग्रॅममध्ये चाचणीचा काही अंश राहून गेला असावा आणि तो ठरलेल्या वेळी आपोआप चालत असावा. हे स्पष्टीकरण चांगले होते. त्याने सगळा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. तसा अंश कुठे नव्हता.

८२९५. मग ८२९५४. पाचही चाचण्यांचे क्रमांक इथवर सारखेच होते. सहाव्या दिवशी ८२९५४८. तेही सारखेच, कारण पाचही नोंदी पंधरा मिनिटांच्या आत झाल्या होत्या. त्या शनिवारी घरी निघताना त्याने भिंतीवरच्या मुख्य फळीवरून बाहेरच्या खोलीची वीज बंद केली. टर्मिनलचा पडदा विझून त्याच्या मध्यावर क्षणभर एक ठिपका राहिला, तोही गेला. मुख्य संगणक आतल्या खोलीत वेगळ्या वीजजोडणीवर होता, तो चालू राहिला.

रविवारी कचेरीला सुटी होती.

सोमवारी त्याने रोजनामा छापला. रविवारच्या पानावर एकच ओळ होती. एक दहा, टर्मिनल दोन, शोध: ८२९५४८२. सापडला नाही.

सातवा आकडा पाचांपैकी एकाच क्रमांकाचा होता, पहिल्या नोंदीच्या.

४

त्याने आधी भिंतीवरची कळ पाहिली. ती बंदच होती. मग बाहेरची खोली उघडली. उन्हाळ्यात समोरचा रस्ता खणला होता आणि बंद खिडक्यांच्या फटींतून आत बारीक पिवळसर धूळ येत असे. राजेश्वरी आपले टर्मिनल रोज पुसे. दुसऱ्यावर धुळीचा पातळ, एकसारखा थर होता. स्टुलावर, टेबलाच्या कडेवर, सगळ्या कळफलकावर.

फक्त सहा कळा स्वच्छ होत्या. दोन, चार, पाच, आठ, नऊ. आणि शोध पुढे पाठवण्याची मोठी कळ.

त्याने वाकून पाहिले. स्टुलावरच्या धुळीवर कुणी बसल्याची खूण नव्हती. कळांवरची धूळ फुंकरीने उडालेली नव्हती, बोटाने घासलेलीही नव्हती. ती तेवढ्या चौकोनांपुरती नव्हतीच, जशी रोज वापरातल्या कळांवर नसते.

त्याने टर्मिनलची तार मागून काढली आणि गुंडाळून आतल्या खोलीत आपल्या खणात ठेवली. मंगळवारी रोजनाम्यात ओळ होती: ८२९५४८२१. एकची कळ स्वच्छ झाली होती. त्याने तार पुन्हा जोडली. काढून ठेवलेल्या तारेवरून येणाऱ्या ओळीपेक्षा जोडलेल्या तारेवरून येणारी ओळ वाचणे त्याला सोपे वाटले.

चौदा आकड्यांपैकी आठ झाले होते. सहा उरले. शेवटचा रविवारी पडत होता.

५

केशरबाई महिन्यातून दोनदा पाथर्डीहून भरलेले अर्ज घेऊन येत. पंचावन्नच्या आसपास वय, कपाळावर मोठे गोंदण, संस्थेच्या आरोग्यसेविकांत सगळ्यांत जुन्या. वस्तीवरच्या चारही दगडाबाई त्यांना आवाजावरून ओळखू येत. नव्या क्रमांकांची त्यांनी पहिल्या दिवसापासून थट्टा चालवली होती. बुधवारी त्या आल्या तेव्हा प्रशांतने त्यांना चहा दिला आणि, इतरांचेच काही विचारतो आहे अशा सुरात, या नावांबद्दल विचारले. सगळ्यांची नावे तीच तीच का ठेवता? वाईटच हवे तर वाईट नावे काय थोडी आहेत?

केशरबाईंनी बशी खाली ठेवली. त्यांनी सांगितले ते एवढेच: त्यांच्या आधीची चार भावंडे गेली होती. त्या झाल्या तेव्हा त्यांच्या आजीने शेजारच्या घरी जाऊन तिथल्या सुनेला विचारले की, तुमच्या पोरीचे नाव आमच्या पोरीला घेऊ का. शेजारीण हो म्हणाली, कारण तिचीही दोन गेली होती. तेव्हापासून दारात कुणी हाक मारली की दोन्ही पोरींनी एकदम ओ द्यायची, अशी शिकवण होती. केशरबाई हे नाव लग्नातले. त्याआधीचे त्यांनी सांगितले नाही.

"हाक कोण मारायचं, मावशी?" प्रशांतने विचारले.

"आमी कदी बघाया गेलो न्हाई." त्या सहज म्हणाल्या. "लई पोरी एका नावाच्या असल्या की इचारनाऱ्याला कळत न्हाई कोनची. उभा ऱ्हातो, कटाळतो, जातो. तुमची मशीन लई हुशार हाय, भाऊ. पन गल्लीत कसं ऱ्हायचं ते तिला ठावं न्हाई. जो इचारील त्याला लगीच वळखून देती."

प्रशांत हसला. मग त्याने, अजूनही दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखे, विचारले की समजा एखादी नोंद पुसूनच टाकली तर.

केशरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्याला दोन मुले होऊन गेल्याचे त्यांना माहीत होते. रश्मीच्या वेळी त्या घरी येऊन गेल्या होत्या.

"कार्ड कुठं हाय?" त्यांनी विचारले.

"घरी."

"आन पोरगी?"

त्याने बशी उचलून बाजूला ठेवली.

"मग पुसून काय हुतंय," त्या म्हणाल्या. "पुसायचं नसतं. वाटायचं असतं."

जाताना अर्जांची पिशवी उचलून घेत त्या दाराशी थांबल्या. तो वाटा कुणाच्या जित्या लेकरावर मात्र टाकू नका, एवढे सांगून गेल्या.

६

गुरुवारी तो एक वाजता बाहेरच्या खोलीला कुलूप लावून आतल्या खोलीत बसला. मधली भिंत विटांची होती, पण वर छताजवळ वारा खेळण्यासाठी जाळी होती. दुपार इतकी स्तब्ध होती की रस्त्यावरच्या मजुरांचे झोपेतले खोकणे ऐकू येत होते.

एक दहाला पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला. टक.

नंतर बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. राजेश्वरीची बोटे कळांवर पावसासारखी पडत. हा आवाज तसा नव्हता. पुढची कळ कुठे आहे ते शोधत, सापडली की दाबत, पुन्हा शोधत. टंकलेखनाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात असा आवाज येतो. त्याने मोजले. अकरा आवाज, आणि मग मोठ्या कळेचा जाड आवाज. त्याच्या समोरच्या पडद्यावर ओळ उमटली. अकरा आकडे, सगळे बरोबर. खाली त्याच्याच प्रोग्रॅमने तत्परतेने उत्तर दिले: सापडला नाही.

त्या उत्तराकडे पाहताना त्याला प्रथमच भीती वाटली. आवाजाची नव्हे. आपण लिहिलेली ही गोष्ट पहिल्याच हाकेला ओ देते, कुणाच्याही, याची.

त्याची बुद्धी अजून शाबूत होती आणि तिने आपले काम केले. उंदीर. उष्णतेने प्रसरण पावणारे प्लास्टिक. स्वतःच्या मनाचा आजार. चार महिन्यांची धाकधूक, दोन जुने घाव. हे शेवटचे कारण त्याला सर्वांत सयुक्तिक वाटले, आणि ते मान्य करूनही त्याला दिसत होते की आजारी मनाला चौदा आकडे पाठ असतात, पण धुळीतल्या कळा त्याला पुसता येत नाहीत.

संध्याकाळी घरी मुलगी जागी होती. ती पाळण्याच्या दोरीला अडकवलेल्या कार्डाकडे टक लावून पाहत होती. कार्ड हलत होते. पंखा बंद होता. खिडकी उघडी असेल, असे म्हणून त्याने खिडकीकडे पाहिलेच नाही.

७

शनिवारी राजेश्वरी गेल्यावर त्याने तीन ओळींच्या वरची ती चौथी ओळ काढून टाकली, एक क्रमांक दोनदा देऊ नये म्हणणारी. व्यवसायात आठ वर्षे घालवलेल्या माणसाला ती काढताना जी लाज वाटावी ती त्याला वाटली. मग त्याने दोन नव्या नोंदी केल्या.

पहिलीत त्याने लिहिले: चेतन. जन्मतारीख. वडिलांचे नाव. क्रमांक: ८२९५४८२१७३४६०१.

दुसरीत: रश्मी. जन्मतारीख. वडिलांचे नाव. तोच क्रमांक.

नोंदीत मृत्यूची तारीख विचारणारा रकाना त्याने कधी ठेवलाच नव्हता, त्यामुळे ती लिहावी लागली नाही. दोन्ही मुले पडद्यावर इतर मुलांसारखीच दिसू लागली. अमुक लस मिळाली, तमुक बाकी आहे. चेतनच्या बाकी लसींची यादी लांब होती. संगणकाने त्याचे वय चार वर्षे दाखवले. प्रशांतने ते वाचले आणि पडदा बदलला.

तीन कार्डे त्याने छापली. जुने काढून नवी तिन्ही पाळण्याला अडकवली. वृषालीने ती पाहिली, दोन नावे वाचली. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

८

रविवारी दुपारी एक वाजता तो कचेरीत गेला. या खेपेस त्याने बाहेरच्या खोलीचे दार उघडेच ठेवले आणि आतल्या खोलीत अशा जागी बसला की दारातून टर्मिनल दोनचा अर्धा कळफलक दिसावा. वीज चालू होती. पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न होता: क्रमांक? संस्थेच्या संगणकावर मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहिली जाई.

एक दहाला आठची कळ खाली गेली.

ती हळू गेली, पूर्ण खाली टेकली आणि तितक्याच हळू वर आली. स्टूल रिकामे होते. मग दोन. मग नऊची कळ, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ आज कमी होता. शिकणारा शिकला होता. प्रशांत आकडे मनात म्हणत गेला. सहा. शून्य. शेवटच्या एकच्या आधी मोठा खंड पडला, आणि त्या खंडात त्याने मुलीला कार्डाकडे पाहताना पाहिले होते तसे, अगदी तसेच, काहीतरी पडद्याकडे पाहत आहे असे त्याला वाटले. कळफलकाच्या कडेपाशी हवेत धूळ तरंगत होती. एका जागी मात्र नव्हती. ती जागा लहान होती आणि टेबलाच्या उंचीपेक्षा फारशी वर नव्हती.

एक. मोठी कळ.

पडद्यावर उत्तर आले: सापडला. नोंदी तीन.

त्याखाली आणखी एक ओळ आली, जी त्यानेच कधीतरी, अशक्य प्रसंगाचीही तरतूद असावी म्हणून लिहून ठेवली होती. एका क्रमांकावर एकापेक्षा जास्त नोंदी निघाल्या तर काय विचारायचे, ते.

नाव?

हिरवा चौकोन त्या प्रश्नापुढे लुकलुकत राहिला. कळा हलल्या नाहीत. प्रशांत तीन वाजेपर्यंत बसून होता. मग त्याने दार ओढून घेतले, कुलूप लावले, आणि घरी जाऊन मुलीच्या छातीवर कान ठेवला. ती खडखडीत होती. तिने त्याचे केस ओढले.

९

तो प्रश्न पडद्यावर राहिला. प्रशांतने ते टर्मिनल कधी बंद केले नाही, कुणाला करू दिले नाही. दोन नंबर बिघडले आहे, हात लावू नका, अशी चिठ्ठी त्याने त्यावर चिकटवली. रोजनाम्यात पुन्हा कधी जादा ओळ आली नाही. पुढे राजेश्वरीच्या जोडीला दुसरी मुलगी आली, तिच्यासाठी तिसरे टर्मिनल घेतले गेले. दुसऱ्याच्या सगळ्या कळांवर धुळीचा थर परत बसला, आकड्यांवरसुद्धा. धूळ पुसायला तो कुणालाही देत नसे. रोज दुपारी येऊन तो एकदा पाही आणि आत जाई.

मुलगी वाढत होती. वर्षाची झाली, दोनची झाली. नाव ठेवण्याचा विषय निघाला की प्रशांत काहीतरी कारण काढी. रंभाजी चिडत, भागिरथी गप्प राही. घरात तिला पोरी, बाळ, बयो, कधी नुसते ए असे म्हणत, आणि ती प्रत्येक हाकेला वळे. केशरबाई आल्या की तिला मुद्दाम दर खेपेस नव्या नावाने बोलावत. "काय गं रंगुबाई?" "आज दगडाबाई का?" मुलगी खिदळत असे. वृषालीनेही तीन वर्षे हे चालवून घेतले, कारण त्या तीन कार्डांकडे तिने एकदा पाहिले होते.

पण जून १९९९मध्ये शाळेचा अर्ज आला. अर्जात नावाचा रकाना होता आणि तो रिकामा सोडून चालणार नव्हते. वृषाली स्वतः त्याच शाळेत शिकवत होती. तिला ते लाजिरवाणे वाटले. त्या सोमवारी सकाळी तिने प्रशांतला सांगितले की, आता पुरे, तिचे नाव मी आज लिहिणार. तो नेहमीसारखे काहीतरी म्हणाला आणि कामावर गेला. आज काही ती खरेच लिहीत नाही, रविवारपर्यंत तिला समजावू, असे त्याच्या मनात होते.

दुपारी तो सवयीने बाहेरच्या खोलीत डोकावला. राजेश्वरी आणि नवी मुलगी दोघी जेवायला गेल्या होत्या. धूळ एकसारखी होती. मग त्याला दिसले की ती एकसारखी नव्हती. वरच्या आकड्यांच्या रांगेत सगळे होते तसेच होते. खाली, अक्षरांच्या कळांत, एक चौकोन काळा आणि स्वच्छ होता.

पडद्यावर तीन वर्षे जुन्या प्रश्नापुढे एक अक्षर होते.

त्याने आतल्या खोलीतून शाळेत फोन लावला. वृषालीला वर्गातून बोलावून आणायला वेळ लागला. ती धापा टाकत आली. पहिला प्रश्न तिने मुलीचाच विचारला. मुलगी ठीक आहे, तो म्हणाला, राहुरीहून आई आली आहे ना, तिच्यापाशी आहे. मग त्याने विचारले, अर्ज दिलास का.

"नाही अजून. पर्समध्येच आहे. अहो, झालं काय?"

"नाव लिहिलंस?"

"मधल्या सुट्टीत लिहिणार होते. सकाळी बसमध्ये ठरवलं नक्की. तेच, मनातलं."

प्रशांतने ते अक्षर उच्चारले. त्या अक्षराने सुरू होतं का, एवढेच त्याने विचारले.

पलीकडे शाळेतला गलका ऐकू येत राहिला.

"तुम्हांला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "मी तर अजून तोंडानेही उच्चारलेलं नाही."

जाळीतून आवाज आला. टक.

प्रशांतने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. त्याचा आवाज नेहमीसारखा, कामाचा होता. नाव सांगू नकोस, तो म्हणाला. इंग्रजीत लिहिलंस तर अक्षरं किती होतात, तेवढं फक्त मोजून सांग.